चावता येतं की नाही हे मोजायचं कसं: घरच्या चाळणीपासून डेंटल ओपीडीपर्यंत, इंदूरकरांसाठी

घरातल्या साठीपुढच्या कुणालाही विचारून बघा, "सगळं चावता येतं ना?" उत्तर ठरलेलं, "हो, काही त्रास नाही." आणि ते खोटं बोलत नसतात हं. जे चावत नाही ते खाणंच त्यांनी सोडलेलं असतं, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, त्यामुळे ताटात जे येतं ते चावतंच. आमच्या सासूबाई भाकरीचा पापुद्रा आणि आमटीत कुस्करलेला मधला भाग खायच्या आणि कडा अलगद ताटाखाली सारायच्या. विचारलं तर "कडा करपतात गं."

त्यांच्या कवळीच्या आणि मग माझ्या स्वतःच्या एका दाढेच्या निमित्ताने हे सगळं प्रकरण मी शोधून, विचारून, घरी करून बघितलंय. पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्याला काय आधी करावं, डॉक्टरला काय विचारावं, कुठे गडबड होते हे एका जागी मिळत नाही म्हणून लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. घरी जे कराल ते स्वतःची स्वतःशी तुलना करायला, निदान करायला नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. "मला चावता येतं असं वाटतं" हे एक माप आणि "घास खरंच किती बारीक होतो" हे दुसरं माप. दोन्ही लागतात, आणि दोन्हींचं उत्तर पुष्कळदा जुळत नाही. नुसते दात मोजून तर यातलं काहीच कळत नाही.

१. कागदपत्रं आणि सामान आधी गोळा करा

घरच्या मोजणीसाठी: सोललेले भाजलेले शेंगदाणे, दोन वेगळ्या रंगांचं च्युइंगम (एक गडद गुलाबी, एक पांढरं किंवा फिकट हिरवं), पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या, लाटणं, दोन जुनी एटीएम कार्डं, चाळणी, ५ मिलिची सुई काढलेली सिरिंज, मोबाइल, वही.

ओपीडीसाठी: आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा नंबर), असेल तर आयुष्मान कार्ड (पण त्यावर कवळी होईलच असं धरून चालू नका, आधी विचारा), जुने एक्स-रे, विशेषतः ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, शुगर असेल तर अलीकडचा एचबीए१सीचा (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट, आणि चालू औषधांची यादी. यादी तोंडी सांगू नका, स्ट्रिपचे फोटो काढून न्या. रक्त पातळ करायची गोळी आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली गोळी किंवा इंजेक्शन, हे दोन्ही न विचारता सांगायचं, कारण दात काढायचा का आणि कसा हे त्यावर ठरतं. आणि हो, रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करून जायचं नाही.

कवळी असेल तर ती घेऊन जा, बसत नाही म्हणून कपाटात ठेवलेली असेल तरी. पाण्याच्या डबीत ठेवा, रुमालात गुंडाळून नाही. ॲक्रिलिक सुकलं की आकार बदलू शकतो.

२. खाण्याची यादी करा, आपल्या खाण्याची

अभ्यासांमध्ये माणसाला पदार्थांची यादी देतात, मऊपासून कडकपर्यंत, आणि कुठला सहज चावतो ते विचारतात. जपानी यादीत सुकवलेला स्क्विड (म्हाकूळ) असतो, तो आपल्याला काय कामाचा. मी इंदुरी यादी केली:

पहिला थर: मऊ खिचडी, दहीभात, केळं.
दुसरा: पोहे, उकडलेला बटाटा, भुट्ट्याचा कीस.
तिसरा: गार झालेली पोळी, मेथीची भाजी, साल काढलेलं सफरचंद.
चौथा: ज्वारीची भाकरी कडांसकट, बाफला न कुस्करता, काकडी, जाम (पुण्याचे लोक ज्याला पेरू म्हणतात तो).
पाचवा: कच्चं गाजर, भाजलेले शेंगदाणे, चकली, जाड लवंगी सेव, सुकं खोबरं, ऊस.

प्रत्येकापुढे तीनच रकाने: सहज, कष्टाने, खात नाही. "खात नाही" आलं की लगेच पुढचा प्रश्न, आवडत नाही की चावत नाही, आणि पाच वर्षांपूर्वी खात होता का? सगळी माहिती या प्रश्नात आहे. जाम आधी आवडीने खायचे आणि आता "बिया अडकतात" म्हणून सोडला, ही खरी खूण.

इथली नेहमीची गडबड म्हणजे अख्ख्या घरासमोर विचारणं. सुनेसमोर, नातवंडांसमोर कुणी कबूल करत नाही. एकट्याने बसून विचारा, किंवा विचारूच नका, आठवडाभर ताट बघा. पोह्यांवरची सेव लगेच खातात की भिजून मऊ होईपर्यंत थांबतात? टोस्ट चहाशिवाय खाल्ला जातो का? सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) गेल्यावर गराडू, म्हणजे तळलेला कंद, मागतात की फक्त रबडी?

तयार प्रश्नावल्याही आहेत. वयस्कर लोकांसाठी गोहाय नावाची १२ प्रश्नांची आहे, १९९० सालची, तिचं तपासून घेतलेलं हिंदी रूप आहे. ओएचआयपी-१४ म्हणजे १४ प्रश्नांची, १९९७ सालची. या दोन्हींत चावण्याबरोबर दुखणं, बोलताना लाज वाटणं असंही येतं. कॉलेजच्या ओपीडीत कुणी असा फॉर्म भरून घेतला तर कंटाळू नका, नीट भरा.

३. दात मोजू नका, जोड्या मोजा

अक्कलदाढा सोडून दात २८. किमान २० नैसर्गिक दात असले तर चावण्याचं काम बरं चालतं असं धरतात. जपानमध्ये १९८९ पासून "८०२०" मोहीम आहे, म्हणजे ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात. आकडा चांगला आहे पण फसवाही आहे. वर दाढा आहेत, खाली त्याच बाजूच्या नाहीत, तर वरच्या दाढा नुसत्या शोभेला. घास दोन दाढांच्या मध्ये चिरडला जातो, एकीने नाही.

म्हणून आयशनर नावाची एक पद्धत आहे, १९५५ पासूनची. तोंडाचे मागचे चार भाग धरायचे: उजव्या उपदाढा (सुळ्यामागचे दोन लहान दात), उजव्या दाढा, डाव्या उपदाढा, डाव्या दाढा. यातल्या किती भागांत वरचा आणि खालचा दात एकमेकाला टेकतो? चारही तर उत्तम गट, काही भागांत तर मधला, पुढचे दात धरूनही कुठेच टेकत नसेल तर शेवटचा.

घरी असं करा: बटर पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा, एका भागात ठेवा, नेहमीसारखे दात मिटायला सांगा आणि पट्टी हळूच ओढा. अडकली तर जोडी आहे, सरकन निघाली तर नाही. क्लिनिकमध्ये निळा कागद चावायला देतात तो याचाच शिकलेला भाऊ. कवळी असेल तर कवळी घालून एकदा आणि काढून एकदा, दोन्ही लिहा.

याच वेळी हलणारे दात, रक्त येणाऱ्या हिरड्या, दुखरी जागा टिपून ठेवा. हलणारा दात जोडीत धरला जातो खरा पण माणूस त्यावर जोर देतच नाही, दुसऱ्या बाजूने चावतो आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं.

४. तोंड किती उघडतं, ओलं किती राहतं, जीभ किती चालते

स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक ठेवून पुढच्या दातांच्या मध्ये जातात का बघा. साधारण ४० मिमीच्या आसपास उघडणं ठीक. बोटं जात नसतील आणि सुपारी, गुटखा, पाऊच अशी सवय असेल (किंवा होती), तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गाल आतून पांढरट आणि कडक लागत असतील, तर ही बाकीची मोजणी बाजूला ठेवा आणि सरळ डेंटिस्ट गाठा. सुपारीने गालाच्या आतला थर घट्ट होत जातो आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. आपल्या शहरात पानाची टपरी नाही असा चौक दाखवा मला, म्हणून हे ठळक सांगतेय.

लाळ: तासभर आधी खाणंपिणं नको. शांत बसून, न गिळता, ५ मिनिटं लाळ कपात ओघळू द्यायची आणि सिरिंजने मोजायची, फेस धरायचा नाही. साधारण दीड ते दोन मिलि येते. अर्धा मिलिच्या खाली असेल तर कमी. लाळ नसेल तर दात धड असूनही घासाचा गोळा बनत नाही, आणि कवळी वरच्या टाळूला धरतही नाही. ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या, लघवी होण्याच्या कित्येक गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, म्हणून ती औषधांची यादी.

जीभ: "ट ट ट" ५ सेकंद जितक्या वेगाने म्हणता येईल तितक्या वेगाने, प्रत्येक "ट"ला कागदावर पेनाने टिंब. सेकंदाला ६ च्या खाली आलं तर जपानी निकषांत ते कमी धरतात. घास दाढेखाली परत परत ढकलते ती जीभच, लोक तिला विसरतात.

५. आता प्रत्यक्ष मोजणी

आधी सावधान: ज्यांना पाणी पितानाही ठसका लागतो, लकवा होऊन गेलाय, गिळायला त्रास आहे, त्यांच्यावर शेंगदाण्याची चाचणी घरी करू नका. दाण्याचा तुकडा श्वासनळीत जाऊ शकतो. दात नुकताच काढलाय किंवा तोंडात फोड आहे तर बरं होईपर्यंत थांबा.

च्युइंगमची पद्धत. दोन रंगांच्या सारख्या मापाच्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, तोंडात घालायच्या आणि मोजून २० वेळा चावायचं. मोजणारा दुसरा माणूस हवा, हनुवटी बघत, चावणाऱ्याने मोजायला घेतलं की तो तबल्याच्या ठेक्यावर चावायला लागतो. २० झाले की बाहेर काढा, पिशवीत घाला, दोन्ही बाजूंना एकेक एटीएम कार्ड ठेवा आणि वरून लाटणं फिरवा. कार्डाच्या जाडीची सपाट चकती होते, साधारण पाऊण मिमी. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दर वेळी त्याच जागी, त्याच उजेडात, फ्लॅश बंद.

पाच पायऱ्या धरतात: १ म्हणजे रंग मिसळलेच नाहीत, नुसते दातांचे ठसे, २ म्हणजे मोठे पट्टे तसेच, ३ म्हणजे थोडं मिसळलंय पण मूळ रंगाचे तुकडे दिसतात, ४ म्हणजे चांगलं मिसळलंय पण एकसारखं नाही, ५ म्हणजे एकच रंग. माझी चकती एका बाजूने छान फिक्की गुलाबी होती आणि उलटी केली तर मधोमध पांढरी रेघ, जशीच्या तशी. एका बाजूचाच फोटो काढला असता तर ४ लिहून मोकळी झाले असते. संशोधक हेच काम कॉम्प्युटरवर करतात, व्ह्यूगम नावाचं सॉफ्टवेअर चकतीतल्या रंगाचा चढउतार मोजतं. चढउतार जितका कमी तितकं मिश्रण चांगलं.

साधं गम कवळीला चिकटतं. कवळीवाल्यांना ही पद्धत देऊ नका, कवळी निघून हातात येते आणि माणूस खजील होतो.

शेंगदाण्याची पद्धत. ही जुनी आहे, मॅन्ली आणि ब्रेली यांनी १९५० साली शेंगदाणे चावायला देऊन चाळणीतून गाळण्याची पद्धत मांडली. साधारण ३ ग्रॅम म्हणजे सहाएक दाणे, सालं काढून, २० वेळा चावायचं, गिळायचं नाही, सगळं वाटीत थुंकायचं, चूळ भरून तीही त्याच वाटीत. मग अशी चाळणी घ्या ज्यातून रवा सहज पडतो पण साबुदाणा अडकतो, वरून हलकं पाणी सोडा, घासायचं नाही. वर राहिलेलं आणि खाली गेलेलं वेगवेगळं वाळवून तोला. एकूणातलं किती टक्के खाली गेलं ते तुमचं माप. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या आत बघत नाही, छोटा पॉकेट काटा लागतो. (सराफ्यातल्या पेढीवर हे तोलायला नेऊ नका, आमच्याकडे हा प्रस्ताव खरंच आला होता.)

दाणा दाण्यासारखा नसतो, कुणी जास्त भाजलेला, कुणी सादळलेला, म्हणून लॅबमध्ये सिलिकॉनचे ५.६ मिमीचे ठोकळे चावायला देतात, १७ नग. घरी एवढंच करा की एकाच पुडीतले दाणे वापरा, तीनदा करा आणि सरासरी घ्या.

वाचनात अजून दोन प्रकार येतील. जपानमध्ये रंग बदलणारं गम आहे, चावत गेलं की हिरवट पिवळं ते लाल होतं. आणि २ ग्रॅमची गमी जेली २० सेकंद चावायची, १० मिलि पाण्याची चूळ भरून थुंकायचं आणि त्या पाण्यातलं ग्लुकोज यंत्रावर मोजायचं, १०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर चावणं कमी. ही साखर जेलीतून निघालेली आहे, रक्तातली नाही, आणि इथे आकडा जास्त म्हणजे चांगलं. घरच्या शुगर मशीनवर हा प्रयोग करू नका, ते यंत्र रक्तासाठी आहे.

६. डेंटिस्टकडे गेल्यावर

आम्ही आधी एका क्लिनिकमध्ये गेलो, "चावत नाही" म्हणून सांगितलं, तर सफाई आणि कॅपचं अंदाजपत्रक हातात आलं, किती आणि काय चावत नाही हे कुणी विचारलंच नाही. म्हणून वही पुढे ठेवा. थर चौथा आणि पाचवा बंद, उजवीकडे दाढांची जोडी नाही, दाणे इतके टक्के. डॉक्टरचा चेहरा बदलतो.

एमवाय हॉस्पिटलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात (१९६१ सालचं आहे) किंवा कुठल्याही डेंटल कॉलेजात जाणार असाल तर नवीन पेशंटला आधी तपासणीच्या विभागात बसवतात, तिथून हिरड्यांचं असेल तर पेरिओ, कवळीचं असेल तर प्रोस्थो. विद्यार्थी बघतात, वर सर किंवा मॅडम तपासतात, वेळ जातो, पण तपासणी सविस्तर होते. सकाळी लवकर जा, डबा न्या, ज्येष्ठांबरोबर एक जण ठेवा.

विचारायचं काय: हिरड्यांची खोली मोजून लिहून द्याल का (३ मिमीपर्यंत ठीक, ४ आणि वर म्हणजे हिरडी सुटायला लागली)? कुठला दात किती हलतो? जोडी कुठे तुटलीय आणि ती परत आणायला कमीत कमी काय करावं लागेल? चावण्याची चाचणी, म्हणजे मास्टिकेटरी परफॉर्मन्स, इथे होते का? बऱ्याच क्लिनिकमध्ये होत नाही, कॉलेजच्या प्रोस्थो विभागात विचारायला हरकत नाही.

आणि तपासताना कवळी काढायला सांगतील तेव्हा तिथेच डबीत ठेवा, टिश्यूत ठेवली की कचऱ्यात जाते.

७. आकडा आला, आता त्याचा अर्थ

कमी आलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. दात आणि जोड्या शाबूत असतील तर नुसत्या वयाने चावण्यात फार फरक पडत नाही. कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं: जोड्या गेलेल्या, हिरड्या ढिल्या, तोंड कोरडं, कवळी सैल. पूर्ण कवळी घातलेल्या माणसाचा चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा राहतो, त्यामुळे कवळी करून दिली की पुन्हा ऊस खातील ही अपेक्षा त्यांच्यावर लादू नका.

कमी चावणारे लोक जास्त वेळ चावून भरपाई करतात असं आपल्याला वाटतं. तसं पुरेसं होत नाही, ते मोठे तुकडेच गिळतात. आणि यादीतून आधी जातात कच्च्या भाज्या, फळं, दाणे, डाळीचं काही कडक असेल ते. उरतं मऊ, मैद्याचं, गोड. शुगर असलेल्याला हे दुहेरी पडतं, कारण शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

व्हॉट्सॲपवर फिरतं की चावलं नाही तर स्मरणशक्ती जाते. अभ्यासांमध्ये कमी दात, कमी चावणं आणि म्हातारपणातली अशक्तता, विसरभोळेपणा हे एकत्र दिसतात, एवढं खरं. पण कशामुळे काय हे त्यातून ठरत नाही, विसरायला लागलेला माणूस दात घासायलाही विसरतोच की.

जपानमध्ये तोंडाच्या एकूण कमकुवतपणाच्या निदानासाठी सात गोष्टी बघतात: स्वच्छता, कोरडेपणा, चावण्याचा जोर, ओठ-जिभेचा वेग, जिभेचा दाब, चावणं, गिळणं. तीन किंवा जास्त कमी आल्या तर निदान. २०१६ मध्ये तिथल्या वृद्धदंतशास्त्राच्या संस्थेने हे निकष मांडले. म्हणजे शेंगदाण्याचा आकडा सातातला एक आहे, त्या एकावर सगळं घर डोक्यावर घेऊ नका.

८. उपचारानंतर पुन्हा मोजा, पण घाई नको

नवी कवळी घातल्या घातल्या मोजलं तर आकडा जुन्या कवळीपेक्षाही खाली येऊ शकतो. जिभेला आणि गालांना ती धरून ठेवायला शिकायला काही आठवडे लागतात, सहा-आठ आठवडे द्या. या काळात बारीक तुकडे, दोन्ही बाजूंना थोडा थोडा घास, पुढच्या दातांनी तोडायचं नाही. टोचत असेल तर कानशीने घरी घासायची नाही, दाखवायला जायचं. रात्री काढून पाण्यात.

मग तीच पुडी नसली तरी त्याच दुकानातले दाणे, तीच चाळणी, तेच २० वेळा, दिवसाची तीच वेळ. खाण्याची यादी पुन्हा विचारा, आणि आकडा वाढला तरी यादी तशीच असेल तर आश्चर्य नको. दात आले म्हणून सवय बदलत नाही. सासूबाईंचं दाण्यांचं माप चांगलं सुधारलं तरी त्या गाजर किसूनच घेत होत्या. तेव्हा एकेक थर वर चढवायचा, आधी काकडीच्या पातळ चकत्या, मग जाड, मग गाजर वाफवून, मग कच्चं. चौथ्या थरापर्यंत आल्या आहेत, पाचव्यातलं फक्त सुकं खोबरं, तेही कातळी करून. ऊस आम्ही यादीतून काढलाय, रसाचा ठेला कोपऱ्यावरच आहे.

स्वतःचे दात असतील तर वर्षातून एकदा हे सगळं पुरे. कवळी असेल तर सहा महिन्यांनी, कारण खालचं हाड झिजत राहतं आणि काल घट्ट असलेली कवळी सैल व्हायला लागते. आकडा घसरला की आधी कवळी दाखवा, बऱ्याचदा आतून नवा थर चढवून भागतं, नवी करावी लागत नाही.